इपॉक्साइड फोडणारं बॅक्टेरियातलं एन्झाइम: रचना कशी वाचायची, काम कसं मोजायचं

वास्कोच्या गोदीत जहाजाला लावायचा इपॉक्सी रंग दोन डब्यांत येतो. एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात अमाइनवाला हार्डनर. दोन्ही एकत्र घोटले की काही तासांत रंग दगडासारखा घट्ट होतो. रेझिनच्या टोकाला दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं तीन अणूंचं कडं असतं, त्याची ही करामत. ते कडं म्हणजेच इपॉक्साइड. त्यातले बंध नैसर्गिक कोनापेक्षा फार दाबलेले असतात, म्हणून मोलमागे सुमारे ११४ किलोज्यूल ताण त्यात कोंडलेला असतो. इलेक्ट्रॉन द्यायला तयार असलेला कुठलाही अणू जवळ आला की कडं उघडतं. हार्डनरमधला नायट्रोजन चालतो, पाणी चालतं, आणि दुर्दैवाने आपल्या डीएनएमधला नायट्रोजनही चालतो.

हा उतावळेपणा सगळ्या लेखाच्या मुळाशी आहे. प्रयोगशाळेत इपॉक्साइड संपलं म्हणजे ते एन्झाइमनेच संपवलं असं होत नाही. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), प्रोटीन शुद्ध करताना उरलेलं इमिडॅझोल, डीटीटीसारखं रिड्यूसिंग एजंट, साधं पाणी, सगळेच त्याच्यावर टपलेले असतात. पाणी वापरून हे कडं उघडणाऱ्या एन्झाइमला इपॉक्साइड हायड्रोलेज म्हणतात. त्याच्यावरचे बरेच प्रकल्प बिनसतात ते एन्झाइम वाईट निघालं म्हणून नव्हे, ब्लँक, म्हणजे चालतं एन्झाइम नसलेली तुलनेची नळी, नीट लावला नाही म्हणून.

एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकू. जहाजावर वाळून घट्ट झालेला इपॉक्सी रंग हे एन्झाइम खात नाही. त्या रंगातली कडी केव्हाच उघडून एकमेकांत गुंतलेली असतात. फोडायला इपॉक्साइड उरलेलंच नसतं. एन्झाइमचं काम सुट्या, लहान रेणूंवर चालतं.

कुठलं एन्झाइम घ्यायचं

इपॉक्साइड हायड्रोलेजं माणसाच्या यकृतातही असतात, पण शिकायला आणि हाताळायला बॅक्टेरियातलं बरं. सगळ्यात नीट अभ्यासलेलं एन्झाइम अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रेडिओबॅक्टर एडी१ या जिवाणूचं आहे. हा जिवाणू एपिक्लोरोहायड्रिनवर, म्हणजे इपॉक्सी रेझिन बनवायला लागणाऱ्या विषारी कच्च्या मालावर, कार्बनचा एकमेव स्रोत म्हणून वाढतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथल्या गटाने त्याचा जीन १९९७ मध्ये क्लोन केला, आणि १९९९ मध्ये त्याची २.१ अँगस्ट्रॉम रेझोल्यूशनची स्फटिक-रचना प्रसिद्ध झाली. इपॉक्साइड हायड्रोलेजची ती पहिली क्ष-किरण रचना. एन्झाइम २९४ अमिनो आम्लांचं, सुमारे ३४ किलोडाल्टन. कोफॅक्टर (मदतनीस रेणू) लागत नाही, धातू लागत नाही. लागतं ते पाणी आणि इपॉक्साइड, मिळतो तो शेजारशेजारच्या कार्बनांवर दोन हायड्रॉक्सिल असलेला डायॉल.

पुढचं सगळं याच एन्झाइमला धरून लिहिलं आहे. वेगळ्या घराण्यातल्या लिमोनीन-इपॉक्साइड हायड्रोलेजबद्दल शेवटाकडे थोडं येईल.

रचना पडद्यावर उघडताना

प्रोटीन डेटा बँकेतून १ईएचवाय या क्रमांकाची फाइल उतरवा आणि पायमोल किंवा कायमेरा-एक्समध्ये उघडा. दोन्ही शिकणाऱ्यांना फुकट वापरता येतात. फाइलमध्ये एकाहून जास्त साखळ्या दिसल्या तर एकच ठेवून बाकीच्या लपवा, नाहीतर पहिला अर्धा तास गोंधळात जातो.

आता रिबन चित्र लावा. दोन भाग दिसतील. खालचा मोठा गाभा म्हणजे मधोमध बीटा-पट्ट्यांची वळलेली चादर आणि दोन्ही बाजूंना अल्फा-सर्पिलं. याला अल्फा/बीटा हायड्रोलेज घडण म्हणतात. लायपेज आणि एस्टरेज यांचीही हीच घडण, त्यामुळे एक ओळखता आली की बाकीची कितीतरी एन्झाइमं ओळखीची वाटू लागतात. त्या गाभ्यावर टोपीसारखा बसलेला, जवळपास सगळा सर्पिलांचाच भाग म्हणजे कॅप डोमेन. काम चालतं ते या दोहोंच्या सांध्यात, बहुतेक तेलकट स्वभावाच्या अमिनो आम्लांनी वेढलेल्या एका खोबणीत.

खोबणीतली माणसं एकेक करून रंगवा. अ‍ॅस्पार्टेट १०७ लाल करा: हा हल्ला करणारा. हिस्टिडीन २७५ निळा करा: हा पाण्याला धार लावणारा. अ‍ॅस्पार्टेट २४६ हिस्टिडीनच्या पाठीशी उभा असतो आणि त्याचा विद्युतभार सांभाळतो. हे तिघे गाभ्यातले. टायरोसीन १५२ आणि टायरोसीन २१५ वरून, टोपीतून, खाली डोकावतात. त्यांचे हायड्रॉक्सिल इपॉक्साइडच्या ऑक्सिजनला धरतात. शेवटी ट्रिप्टोफॅन ३८ आणि फिनाइलअ‍ॅलनीन १०८. यांच्या बाजूच्या साखळ्यांकडे बघू नका, मुख्य साखळीवरचे नायट्रोजन-हायड्रोजन (एनएच) गट बघा. त्या दोघांच्या मध्ये ऋणभार सांभाळणारी जागा तयार होते.

अंतर मोजायची सोय वापरा. अ‍ॅस्पार्टेट १०७ च्या आसपास एक पाण्याचा रेणू हिस्टिडीन २७५ पासून हायड्रोजन-बंधाच्या अंतरावर सापडेल. तोच कामाचा रेणू. आता प्रोटीनचा पृष्ठभाग अर्धपारदर्शक करून खोबणीच्या मागच्या बाजूला शोधा. तिथे एक बोगदा थेट बाहेर निघतो. सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो रेणू, पुढून आत शिरतो, पाणी मागच्या दाराने येतं. एकाच दारातून दोघे आले असते तर तेलकट सबस्ट्रेटने पाण्याची वाट अडवली असती.

आणि मग ज्यावर बहुतेक जण चुकतात ती गोष्ट. खोबणीत, जिथे सबस्ट्रेट बसायला हवा अगदी तिथेच, ग्लुटामीन १३४ ची बाजूची साखळी घुसलेली दिसेल. पहिल्यांदा पाहणारा ठरवून टाकतो की हे एन्झाइमचं झाकण, आणि नियमनावर अख्खं पान लिहितो. तसं काही नाही. स्फटिकात रेणू एकमेकांना खेटून रचले जातात. त्या खेटण्यामुळे इथला भाग सरकला आणि ग्लुटामीन आत आलं, सबस्ट्रेटची नक्कल करत बसलं. द्रावणातल्या एन्झाइमबद्दल त्यावरून फार काही म्हणता येत नाही. म्हणून सबस्ट्रेट संगणकावर डॉक करायचा (खोबणीत बसवून पाहायचा) असेल तर ही फाइल आहे तशी वापरू नका. खोबणी भरलेली असल्यामुळे प्रोग्रॅम सबस्ट्रेट बाहेर कुठेतरी चिकटवेल आणि वर त्याला चांगले गुणही देईल.

दोन पायऱ्यांची क्रिया

पहिली पायरी: अ‍ॅस्पार्टेट १०७ चा ऑक्सिजन इपॉक्साइडच्या एका कार्बनवर मागून चाल करतो, कडं उघडतं, आणि सबस्ट्रेट एस्टर-बंधाने एन्झाइमलाच चिकटतो. सुटलेल्या ऑक्सिजनला दोन टायरोसीन प्रोटॉन पुरवतात. दुसरी पायरी: हिस्टिडीन २७५ पाण्याचा प्रोटॉन ओढून घेतो आणि ते पाणी एस्टरच्या कार्बोनिल कार्बनवर हल्ला करतं. डायॉल सुटतो, अ‍ॅस्पार्टेट पुन्हा मोकळा.

म्हणजे पाणी इपॉक्साइडच्या कार्बनला हातच लावत नाही, ते अ‍ॅस्पार्टेटच्या कार्बनला लागतं. त्यामुळे ऑक्सिजन-१८ च्या पाण्यात एन्झाइमचा फक्त एकच फेरा होऊ दिला तर डायॉलमध्ये जड ऑक्सिजन येत नाही. डायॉल घेऊन जातो तो अ‍ॅस्पार्टेटचा जुना ऑक्सिजन. जड ऑक्सिजन अ‍ॅस्पार्टेटमध्ये मागे राहतो आणि पुढच्या फेऱ्यांत बाहेर पडतो. यकृतातल्या एन्झाइमवर १९९३ मध्ये याच युक्तीने एस्टरची वाट पक्की झाली होती.

मोजणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे या एन्झाइममध्ये स्टायरीन ऑक्साइड या इपॉक्साइडसोबत पहिली पायरी झपाट्याने होते आणि दुसरी रेंगाळते. सबस्ट्रेट भरपूर असताना बहुतेक एन्झाइम एस्टरच्या अवस्थेतच अडकलेलं असतं. म्हणून तुम्ही काढलेला केकॅट (एन्झाइमच्या एका रेणूचे सेकंदाला जास्तीत जास्त फेरे) हा कडं उघडण्याचा वेग नसतो, एस्टर सुटण्याचा असतो. टायरोसीन बदलून फिनाइलअ‍ॅलनीन केलेल्या एकेरी म्युटंटमध्ये एन्झाइम मरत नाही पण केएम (कमाल वेगाच्या निम्मा वेग गाठायला लागणारं सबस्ट्रेटचं प्रमाण) वाढतो, त्यामागे हेच गणित आहे. टायरोसीनचं काम पहिल्या पायरीत आहे, आणि ती थोडी मंदावली तरी अडसर दुसरीकडेच राहतो. केकॅट बदलला नाही म्हणून टायरोसीनला काही काम नाही असा निष्कर्ष काढलेला दिसला तर लिहिणाऱ्याने ही पायरी वाचलेली नाही असं समजा.

प्रोटीन तयार करणं

जीन कृत्रिमरीत्या, ई. कोलायच्या कोडॉनप्रमाणे बनवून पीईटी-२८ए या, प्रोटीनला हिस्टिडीनांचं शेपूट (टॅग) जोडणाऱ्या प्लाझ्मिडमध्ये (डीएनएच्या गोल तुकड्यात) घालून मागवणं आज सर्वांत सोपं. मूळ जिवाणू सांभाळत बसायची गरज नाही. पावसाळ्यात घाटातून येणाऱ्या कुरियरचा भरवसा कमी आणि चवथीच्या आठवड्यात तर पार्सल हमखास पडून राहतं. प्लाझ्मिड सुकवलेल्या रूपात मागवलं तर बर्फाची चिंता राहत नाही. थंडीत यायला हवे असलेले काँपिटंट सेल्स (प्लाझ्मिड आत घ्यायला तयार केलेल्या पेशी) मात्र जुलै-ऑगस्टमध्ये मागवण्यापेक्षा मे महिन्यातच आणून ठेवा, किंवा कॅल्शियम क्लोराइडने घरचे बनवा.

प्लाझ्मिड बीएल२१ (डीई३) या ई. कोलायच्या वाणात घालून (ट्रान्सफॉर्म करून) एका वसाहतीपासून १० मिलिलिटर एलबी या पोषक द्रावणात, कॅनामायसिन ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, रात्रभर ३७ अंशांवर वाढवा. सकाळी एक लिटर एलबीत ओता. ते एकाच भांड्यात गच्च भरू नका, वाटून घ्या. दोन लिटरच्या फ्लास्कमध्ये ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, हवा मिळाली पाहिजे. ६०० नॅनोमीटरला शोषण ०.६ झालं की फ्लास्क बर्फाच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा, प्रोटीन बनवणं सुरू करणारं आयपीटीजी ०.२ मिलिमोलर घाला, आणि १८ ते २० अंशांवर १६ तास हलवा.

शीतकरण नसलेला शेकर असेल तर गोव्यात १८ अंश विसरा; मे महिन्यात खोलीच ३२ ला असते. अशा वेळी आयपीटीजी ०.१ वर आणा, २८ ते ३० अंशांवर चारच तास ठेवा आणि थोडं प्रोटीन न विरघळलेल्या गोळ्यांत जाईल हे गृहीत धरा. रात्री वीज जाऊन शेकर थांबला तर पेशी तळाशी बसतात आणि ऑक्सिजनविना राहतात. शेकर इन्व्हर्टरवर नसेल तर रात्रभराच्या पद्धतीपेक्षा दिवसाची चार तासांची पद्धत खरोखरच जास्त विश्वासाची.

पेशी ५,००० जी वर १५ मिनिटं फिरवून गोळा करा. प्रति ग्रॅम ओल्या पेशींना ५ मिलिलिटर फोडण्याचा बफर: पोटॅशियम फॉस्फेट ५० मिलिमोलर पीएच ७.५, सोडियम क्लोराइड ३०० मिलिमोलर, इमिडॅझोल १० मिलिमोलर, ग्लिसरॉल १० टक्के. पीएमएसएफ घातला तरी बिघडत नाही. तो सेरीनवर काम करणाऱ्या प्रोटिएजांना मारतो, आपल्या एन्झाइमचा हल्लेखोर अ‍ॅस्पार्टेट आहे. ध्वनिलहरींनी पेशी फोडणारा सोनिकेटर १० सेकंद चालू, ३० सेकंद बंद, चालू वेळ एकूण चार मिनिटं, भांडं सतत बर्फात. फेस यायला लागला तर प्रोब वर आला आहे. फेसात प्रोटीन मरतं. मग १५,००० जी वर ३० मिनिटं.

वरचा निवळ भाग टॅग धरून ठेवणाऱ्या एक मिलिलिटर निकेल-एनटीए रेझिनवर सोडा. २५ मिलिमोलर इमिडॅझोलच्या २० मिलिलिटर बफरने धुवा, २५० मिलिमोलरने ५०० मायक्रोलिटरच्या हिश्शांत काढा. जेलवर टॅग धरून ३६ किलोडाल्टनच्या आसपास पट्टी दिसली पाहिजे. धुण्याच्या पाण्यातच पट्टी जात असेल तर टॅग आत दुमडला आहे किंवा इमिडॅझोल जास्त झालं आहे. आधी इमिडॅझोल १५ वर आणून पाहा.

बफरमधून काय हाकलायचं

इमिडॅझोल इपॉक्सी रेझिन घट्ट करणारा पदार्थ म्हणून उद्योगात वापरतात. म्हणजे ते इपॉक्साइडशी झुंजतंच. कॉलममधून २५० मिलिमोलर इमिडॅझोलसकट आलेलं एन्झाइम १०० मायक्रोलिटर घेऊन १० मिलिलिटरच्या प्रयोगात टाकलं तर तिथे २.५ मिलिमोलर इमिडॅझोल गेलं, आणि सबस्ट्रेट आहे ५ मिलिमोलर! शिवाय इमिडॅझोल २८० नॅनोमीटरला शोषण दाखवतं, म्हणून प्रोटीनही फुगवून मोजलं जातं. दोन चुका, दोन्ही एकाच रसायनाच्या.

लहान रेणू वेगळे काढणारा पीडी-१० डिसॉल्टिंग कॉलम वापरा. २.५ मिलिलिटर नमुना चढवा, मग ३.५ मिलिलिटर बफर घालून तेवढंच गोळा करा. बफर: ५० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७.५. ट्रिस बफर नको, त्याचा अमाइन इपॉक्साइडशी हळूहळू जुळतो. डीटीटी आणि मर्कॅप्टोइथेनॉल तर मुळीच नको, थायॉल सर्वांत चटकन कडं उघडतं. सोडियम अझाइडही नको. रिड्यूसिंग एजंटशिवाय जमत नसेल तर टीसीईपी घेण्याचा मोह होतो, पण त्यातला फॉस्फीनही न्यूक्लिओफाइलच (इलेक्ट्रॉन देऊन हल्ला करणारा) आहे.

प्रोटीनचं मोजमाप प्रोटपॅरॅम या संकेतस्थळावरच्या साधनात टॅगसकट क्रम घालून मिळालेल्या शोषणांकाने करा. ट्रिप्टोफॅन बरेच आहेत, त्यामुळे वाचन चांगलं येतं. ब्रॅडफर्ड या रंगाच्या चाचणीशी एकदा पडताळून घ्या.

सबस्ट्रेट

स्टायरीन ऑक्साइडपासून सुरुवात करा. एपिक्लोरोहायड्रिनही चालतं, पण ते चटकन उडतं आणि विद्यार्थ्यांच्या हातात देण्यासारखं नाही. तसं पाहिलं तर दोन्ही आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २ए गटात आहेत, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेली. फ्यूम हूडखालीच उघडा. नायट्राइलचे हातमोजे दोन चढवा आणि थेंब पडला की तत्काळ बदला; पातळ नायट्राइलमधून असे पदार्थ पार जातात. उरलेलं सिंकमध्ये ओतू नका. इथे जांभ्या दगडाची सच्छिद्र जमीन, कॉलेजचं सांडपाणी शोषखड्ड्यात आणि पलीकडे कुणाची तरी विहीर. क्लोरिनवालं आणि बिनक्लोरिनचं वेगवेगळ्या बाटल्यांत साठवून अधिकृत घातक कचरा उचलणाऱ्यांना द्या.

स्टायरीन ऑक्साइडची घनता १.०५ आणि रेणुभार १२०.१५, म्हणजे शुद्ध द्रव सुमारे ८.७५ मोलर. एक मोलर स्टॉकसाठी ११४ मायक्रोलिटर सबस्ट्रेट आणि कोरडं अ‍ॅसिटोनायट्राइल भरून एक मिलिलिटर. स्टॉक रोज ताजा. पावसाळ्यात अ‍ॅसिटोनायट्राइलची बाटली चार वेळा उघडली की त्यात पाणी आलंच समजा. भांडी काचेची किंवा पॉलिप्रॉपिलीनची हवीत. पॉलिस्टायरीनच्या प्लेटला शुद्ध सबस्ट्रेटचा थेंब लागला तर प्लेट चिकट होते.

मोजणी

साधा मार्ग एनबीपीचा, म्हणजे ४-नायट्रोबेंझिल पिरिडीनचा. हे रसायन उरलेल्या इपॉक्साइडशी जुळतं आणि आम्लारी घातल्यावर निळं-जांभळं होतं. रंग उरलेल्या सबस्ट्रेटचा आहे, तयार झालेल्या डायॉलचा नाही. एन्झाइम जितकं चांगलं तितका रंग फिका.

स्क्रू झाकणाच्या, टेफ्लॉन सील असलेल्या काचेच्या व्हायलमध्ये फॉस्फेट बफर घ्या, त्यात ५० मायक्रोलिटर एक मोलर स्टॉक घालून जोरात हलवा, एन्झाइमची जागा धरून एकूण १० मिलिलिटर. सबस्ट्रेट ५ मिलिमोलर, अ‍ॅसिटोनायट्राइल अर्धा टक्का. वॉटर बाथ ३० अंशांवर. पुस्तकात २५ अंश लिहिलेले असतात, पण नुसता हीटर असलेला बाथ इथल्या उन्हाळ्यात २५ ला येऊच शकत नाही. तो खोलीच्या तापमानावर बसून राहतो आणि वहीत मात्र २५ लिहिलं जातं. पाच मिनिटं तापमान जुळू द्या, मग एन्झाइम घाला आणि घड्याळ लावा.

०, २, ५, १०, १५, २० मिनिटांनी २०० मायक्रोलिटर नमुना काढून बर्फात ठेवलेल्या २०० मायक्रोलिटर एनबीपी द्रावणात सोडा. ते द्रावण १०० मिलिमोलर, चार भाग एथिलीन ग्लायकॉल आणि एक भाग इथेनॉल यांत. सगळे नमुने जमले की ८० अंशांवर १० मिनिटं, पुन्हा बर्फ, मग २०० मायक्रोलिटर ट्रायइथाइल अमाइन-अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिश्रण घाला आणि ५६० नॅनोमीटरला लगेच वाचा. हा रंग टिकत नाही. बारा नळ्यांत एकदम आम्लारी घालून मग सावकाश वाचत बसलात तर बारावी नळी फिकी पडलेली असते आणि आलेखाला खोटा उतार येतो. एक घाला, एक वाचा. शोषण एकच्या वर जात असेल तर नमुना पातळ करा.

प्रमाणरेषा त्याच दिवशी, त्याच बफरात, तेवढ्याच अ‍ॅसिटोनायट्राइलसह, ० ते ५ मिलिमोलरपर्यंत सहा बिंदूंची.

ब्लँक किमान दोन. पहिला बिनएन्झाइमचा: यात पाण्याचा आणि बफराचा वाटा कळतो. दुसरा दहा मिनिटं उकळलेल्या एन्झाइमचा. उकळल्याने एन्झाइम मरतं, इमिडॅझोल मरत नाही. म्हणून दोन ब्लँकांत ठळक फरक आला तर डिसॉल्टिंग नीट झालेलं नाही असं समजा. जमत असेल तर तिसरा हवा, आणि तो सर्वांत प्रामाणिक: अ‍ॅस्पार्टेट १०७ बदललेला म्युटंट, अगदी त्याच रीतीने वाढवून शुद्ध केलेला. ई. कोलायची काही अशुद्धी काम करत असेल तर ती इथेच उघडी पडते.

एन्झाइम किती घालायचं ते आधी ठरवता येत नाही. दहापट आणि शंभरपट पातळ करून पाहा. वीस मिनिटांत सबस्ट्रेटचा पाचवा हिस्साच संपेल असं प्रमाण निवडा. त्याहून जास्त संपला तर रेषा वाकते आणि सुरुवातीचा वेग हातचा जातो.

आकडेमोड उदाहरणाने: १० मिलिलिटरमध्ये ५ मिलिमोलर म्हणजे ५० मायक्रोमोल. समजा १० मिनिटांत ते ४ मिलिमोलरवर आलं, म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल गेलं. उकळलेल्या ब्लँकमध्ये तेवढ्याच वेळात ०.१ मिलिमोलर घटलं, म्हणजे मिनिटाला ०.१. एन्झाइमचा वाटा ०.९ युनिट (एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल). घातलेलं एन्झाइम ०.१ मिलिग्रॅम असेल तर ९ युनिट प्रति मिलिग्रॅम. ३४ ने गुणा: एक रेणू मिनिटाला ३०६ फेरे, सेकंदाला साधारण पाच. टॅग असेल तर ३४ ऐवजी टॅगसकट वजन घ्या. हे कितीदा राहून जातं!

दुसऱ्या पद्धती, आणि त्यांचे सापळे

डायॉल थेट दाखवायचा असेल तर पेरिआयोडेट-अ‍ॅड्रेनलिन चाचणी आहे. शेजारच्या दोन हायड्रॉक्सिलांमधला कार्बन-कार्बन बंध पेरिआयोडेट तोडतो आणि त्यात स्वतः संपतो. उरलेला पेरिआयोडेट अ‍ॅड्रेनलिनला लालसर करतो, तो ४९० नॅनोमीटरला वाचायचा. पण ग्लिसरॉलमध्येही शेजारशेजारचे हायड्रॉक्सिल आहेत. दहा टक्के ग्लिसरॉल म्हणजे जवळपास १.४ मोलर. १०० मायक्रोलिटर एन्झाइमबरोबर १० मिलिलिटरमध्ये १४ मिलिमोलर जातं, आणि पेरिआयोडेट असतो एक मिलिमोलर. कुठेच लाल रंग येत नाही आणि एन्झाइम अफाट चांगलं आहे असं वाटतं. ट्रिसही पेरिआयोडेट खातो. या चाचणीसाठी ग्लिसरॉल नसलेलं एन्झाइम वेगळं ठेवा.

पॅरा-नायट्रोस्टायरीन ऑक्साइड घेऊन ३१० नॅनोमीटरला शोषणातली घट थेट पाहता येते. थांबवाथांबवी नाही, म्हणून गतीचा अभ्यास करायला छान. क्वार्ट्झ क्युव्हेट लागते, आणि डायॉलही त्याच जागी शोषतो, म्हणून दोहोंच्या शोषणांकातला फरक तुमच्या यंत्रावर स्वतः काढा. एसीच्या खोलीतून बाहेर आणलेल्या थंड क्युव्हेटवर दमट हवेत बाष्प धरतं. वाचनापूर्वी बाहेरून पुसा.

डावा-उजवा भेद, म्हणजे एनँशिओसिलेक्टिव्हिटी, पाहायची असेल तर कायरल कॉलमवरच्या जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफीला) पर्याय नाही. नमुना मिठाने संपृक्त करून इथाइल अ‍ॅसिटेटने काढा, निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा. ते सल्फेट इथल्या हवेत निर्जल राहत नाही. रात्रभर १५० अंशांच्या ओव्हनमध्ये भाजून डेसिकेटरमध्ये ठेवा. इंजेक्टरचा लायनर मळका आणि गरम असेल तर स्टायरीन ऑक्साइड तिथेच फिनाइलअ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि एक अनोळखी शिखर येतं. ते एन्झाइमचं उत्पादन नव्हे. शुद्ध सबस्ट्रेट टोचून पाहिलं की लगेच कळतं.

डाव्या-उजव्या रूपांचं समसमान मिश्रण घेतलं असेल तर एकूण वक्राला अनेकदा दोन उतार येतात: आवडता रेणू आधी संपतो, मग दुसऱ्याची पाळी. अशा मिश्रणावरून काढलेला केएम दोघांपैकी कुणाचाच नसतो. आणि हल्ला टोकाच्या कार्बनवर झाला तर कायरल केंद्र तसंच राहतं, बेंझिलच्या (बेंझिन-कड्याला लागून असलेल्या) कार्बनवर झाला तर उलटतं. म्हणून उरलेल्या इपॉक्साइडबरोबर डायॉलचंही विश्लेषण करा.

लिमोनीनवालं

संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनवर वाढणाऱ्या रोडोकॉकस एरिथ्रोपोलिस डीसीएल१४ मधलं एन्झाइम १ईएचवायच्या शेजारी उघडून पाहा. क्रमांक १एनडब्ल्यूडब्ल्यू, रचना २००३ ची, १.२ अँगस्ट्रॉम. फक्त १४९ अमिनो आम्लं, टोपी नाही, अल्फा/बीटा हायड्रोलेजची घडणही नाही. वाकलेल्या बीटा-चादरीच्या खोल कप्प्यात अ‍ॅस्पार्टेट १०१, आर्जिनीन ९९ आणि अ‍ॅस्पार्टेट १३२ बसलेले, सोबतीला टायरोसीन ५३ आणि अ‍ॅस्पॅराजीन ५५. इथे एस्टर बनतच नाही. पाण्यालाच धार लावून ते थेट इपॉक्साइडवर सोडलं जातं, एका दमात. म्हणून वर सांगितलेला अडकलेल्या एस्टरचा विचार इथे लावू नका, आणि ऑक्सिजन-१८ चा प्रयोग इथे केला तर जड ऑक्सिजन पहिल्याच फेऱ्यात डायॉलमध्ये दिसला पाहिजे.

स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूतलं सिफ हे एन्झाइम मात्र पुन्हा पहिल्या घराण्यातलं. १ईएचवायवर ३केडी२ ही फाइल चढवून पाहिलीत तर अ‍ॅस्पार्टेट १२९ आणि हिस्टिडीन २९७ ओळखीच्या जागी सापडतील, पण दोन टायरोसीनांपैकी एकाच्या जागी हिस्टिडीन १७७ दिसेल. हे एन्झाइम जिवाणू बाहेर सोडतो आणि त्याच्यामुळे फुप्फुसाच्या पेशींवरचं सीएफटीआर हे क्लोराइडचं दार कमी होतं.

साठवण

शुद्ध एन्झाइम ५० मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटून, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० वर ठेवा. एक नळी एकदाच वापरायची. वीज गेल्यावर फ्रीझर किती वर चढला ते सांगणारा कमाल-किमान थर्मामीटर आत ठेवा आणि आठवड्याला वहीत नोंदवा. वेग अचानक निम्मा आला तर नवा जीन मागवण्याआधी ती नोंद बघा, त्यानंतर त्याच एन्झाइमवर ताज्या सबस्ट्रेटचा स्टॉक लावून पाहा. बहुतेक वेळा म्हातारा झालेला असतो तो स्टॉक.